मणेरीण चाचीची नात आणि देवीची लस

आमचे हे निजामाच्या राज्यात देवी काढायला गावोगाव फिरत. देवीच्या रोगाची लस टोचण्याला तेव्हा सगळे देवी काढणंच म्हणत. मुरुमच्या आसपासची पंधरा-वीस गावं यांच्याकडे होती. बरोबर एक बैलगाडी, उर्दूत लिहायची एक जाड वही, आणि ओल्या वाळूच्या मडक्यात जपून ठेवलेल्या लसीच्या काचेच्या बारीक नळ्या. गावात पोचलो की चावडीवर हलगी वाजायची, दवंडी व्हायची, आणि पुरुष नि पोरं रांगेत उभी राहायची. बायका मात्र दारं लावून आत बसायच्या. परक्या पुरुषापुढं दंड उघडा करायची कुणाची तयारी नव्हती, आणि तान्ही लेकरं आयांच्या पदराखाली असायची. म्हणजे जिला खरी गरज तीच दाराआड.

शेवटी यांनी मला टोचायला शिकवलं. सरकारी हुकूम वगैरे काही नव्हता, पण यांचे वरचे साहेब समजूतदार होते, त्यांनी कानाडोळा केला. माझा हात चटकन बसला. तोंडही चटकन चालायचं, ही त्यातली अडचण. एखादी बाई दंड मागं ओढू लागली की मी तिचं मनगट गच्च पकडून म्हणायची, "अगं, मरायचंय का तुला?" हे बाहेर कपाळाला हात लावून बसायचे. पहिल्या चार गावांत मी जेवढ्या बायका टोचल्या त्याहून जास्त पळवून लावल्या.

मग मणेरीण चाची भेटली. डोक्यावर बांगड्यांची टोपली, कडेवर वर्षाची नात, आणि चेहऱ्यावर लहानपणी आलेल्या देवीचे खोल वण. गावोगाव बांगड्या भरायचा तिचा धंदा. पाटलाच्या माजघरात, मुल्लाच्या पडद्यात, वेशीबाहेरच्या झोपड्यांत, तिला कुठलंच दार बंद नव्हतं. एका वाड्याच्या दारात माझी आरडाओरड तिनं ऐकली आणि टोपली खाली ठेवून म्हणाली, "बाई, कुस्ती खेळायला आलाव का टोचायला? सरका जरा."

ती जोत्यावर बसली. घरातली थोरली सून आपण होऊन पुढं आली, कारण बांगडीवालीला हात द्यायचा असतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. चाचीनं तिचा पंजा हातात घेतला, बोटं चोळली, अंगठा आत दाबला. "हात ढिला सोड गं माय. ढिला सोडला की कांकण आपुआप चढतंय." हिरव्या बांगड्या एकेक करून वर सरकल्या, एकही वाढवली नाही. फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं. सूनबाई खुलली. तेवढ्यात चाचीनं तिची बाही वर सारली आणि मला डोळ्यानं खुणावलं. मी टोचून मोकळी झाले तरी सून बांगड्यांकडेच बघत होती. उठताना तिनं वाकून चाचीला नमस्कार केला. बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायचा, मग ती कुठल्या का जातीधर्माची असेना, ही तिथली रीत.

त्या दिवसापासून आम्ही दोघी जोडीनं फिरू लागलो. गाव कुठल्या दिवशी घ्यायचं हे आता यांची वही ठरवत नव्हती, चाची ठरवायची. "या गावात परवा नका जाऊ, बायका भुईमूग काढायला जातील." "तिथं अमुशाच्या दिवशी कोण बी हात देणार न्हाई." कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणत्या घरात सासू आडवी येते, सगळं तिला तोंडपाठ. हे तिच्यापुढं वही उघडून बसायचे आणि ती सांगेल तशी गावं मागंपुढं करायचे. मला ती फार आवडायला लागली होती. माझे बोडके हात बघून ती रोज चिडवायची. मी हातात पाटल्यांशिवाय काही घालत नसे, काचेच्या बांगड्या टोचताना आड येत. "मालक हायत न्हवं तुमचे? मग हे काय विधवेवानी?" मी म्हणायची, "चाची, काम संपू दे, मग भरू." ती म्हणायची, "हौ, माझं आयुष्य संपल्यावर भरा."

चाचीचं स्वतःचं गाव आम्ही सगळ्यात शेवटी घेतलं. तिथं तर आमचं राज्यच होतं. एका दिवसात सगळ्या बायका, सगळी लेकरं झाली. आठव्या दिवशी तपासायला गेलो. टोचलेल्या जागी फोड उठला तर लस लागली, नाही तर फुकट. पहिल्या घरात गेले, दंड स्वच्छ. दुसऱ्या घरात स्वच्छ. तिसऱ्या घरात बाळाचा दंड उघडला तर पिवळा धमक.

"हळद लावलीस?" मी विचारलं.

"व्हय. चाचीनंच सांगितलं हुतं न्हवं," ती म्हणाली.

बांगडी भरताना कधी ओरखडा उठला की चाची न चुकता सांगायची, घरी जाऊन हळद दाबा. लसीचे ओरखडे बघून तिच्या तोंडून सवयीनं तेच गेलं. इतर गावांत मी मागून लगेच बजावत असे की पुसू नका, काही लावू नका, हळदीनं लस मरते. इथं चाचीचं गाव म्हणून मी निर्धास्त होते, गप्पा मारत बसले होते. चूक तिची होती तेवढीच माझी. पण ओढ्यापलीकडच्या गावात देवी आल्याची बातमी त्याच सकाळी आली होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी पारावर, सगळ्या बायकांदेखत, चाचीला वाट्टेल ते बोलले. तुझ्या हळदीनं लेकरं मरतील, असंही बोलले. चाचीनं टोपली डोक्यावर घेतली, नात कडेवर घेतली आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवी लस घेऊन गेलो तर गावातलं एकही दार उघडेना. पाटलीणबाई तेवढ्या ओसरीवर बसल्या होत्या. म्हाताऱ्या, शांत बाई. मला म्हणाल्या, "बाई, आमी आडाणी, पर आमाला दिसतंय. चाचीच्या नातीच्या दंडावर टोचल्याची एक बी खूण न्हाई. तिनं समद्या गावाचं हात तुमच्या हवाली केलं, पर नातीचा न्हाई केला. मग आमी पुन्यांदा कशापाई द्यावा?"

मी यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे. यांना वाटत होतं मी टोचलंय, मला वाटत होतं यांनी. इतके महिने ती पोर आमच्या डोळ्यांसमोर कडेवर होती, आणि आम्ही दोघांनी तिची बाही वर करून पाहिली नव्हती. ओढ्यापलीकडं देवी होत्या.

मी एकटीच चाचीच्या घरी गेले. ती अंगणात बांगड्यांचे फुटके तुकडे वेचत होती. माफी मागणं मला कधीच जमलेलं नाही, यांच्याशी भांडण झालं तरी मी ताट वाढून मोकळी होते. तिथं वाढायला ताटही नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि तुकडे वेचू लागले. थोड्या वेळानं म्हटलं, "चाची, मी चुकले. मलाच सांगायला हवं होतं."

"लई वाईट बोललाव तुमी," ती म्हणाली.

"होय."

"पर खोटं न्हाई बोललाव."

मग मी नातीचं विचारलं. तिनं अंगणात खेळणाऱ्या पोरीला उचलून मांडीवर घेतलं. तिची एकुलती एक लेक बाळंतपणात गेली होती, एवढं मला माहीत होतं. मागं राहिली ती ही पोर. "लोकाच्या लेकराला टोचताना मला कायबी वाटत न्हाई, बाई. माझ्या थोबाडाकडं बगा, देवी काय असती ते मला पक्कं ठावं हाय. पर हिला सुई लावायची म्हनलं की हातपाय गळत्यात. टोचलं की ताप येतोय. त्या तापात ही गेली तर? एवढीच उरलीय." एवढं बोलून तिनं पोरीला घट्ट धरलं.

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "ओढ्यापलीकडच्या देवी इथं यायला किती दिवस लागतील, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

चाची उठली. पोरीचं तोंड धुतलं, केस विंचरले आणि थेट पारावर जाऊन बसली. बघता बघता बायका जमल्या. मी नळी फोडली, टोचणीवर लस घेतली. पोर शांत होती, माझ्या पाटल्या ओढून बघत होती. पण तिचा दंडच मला मिळेना. चाचीनं दोन्ही हातांनी तिला असं आवळून धरलं होतं की बाही वर सरकत नव्हती. तिचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. हजारो बायकांचे हात हळुवार धरणारे ते हात लाकडासारखे ताठ झाले होते.

मी टोचणी बाजूला ठेवली. तिची बोटं हातात घेतली, एकेक चोळली, अंगठा आत दाबला, ती करायची तसंच. "चाची," मी म्हटलं, "हात ढिला सोडा."

तिनं डोळे उघडले. हात सैल झाला. मी टोचलं.

पोर जरा रडली आणि गुळाचा खडा तोंडात पडताच गप्प बसली. बायका हात न देताच घरी गेल्या, आधी पोरीचं काय होतं ते त्यांना बघायचं होतं. चाचीनं मात्र घरातली हळदीची वाटी उचलून शेजारणीकडे ठेवायला दिली. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई," म्हणाली. पाचव्या दिवशी पोरीला ताप भरला. मी मुरुमला होते. कळताच मी यांच्याकडे गाडीचा हट्ट धरला आणि तिच्या अंगणात येऊन राहिले. ताप दोन दिवस होता. त्या दोन दिवसांत चाची माझ्याशी बोलली नाही, पण माझ्या ताटात भाकरी वाढायला एकदाही विसरली नाही. मी इतकी कधीच घाबरले नव्हते, हे आज सांगायला हरकत नाही.

आठव्या दिवशी सकाळी पाटलीणबाई स्वतः आल्या, मागं अख्ख्या आळीच्या बायका. चाचीनं पोरीची बाही वर केली. छान टपोरा, मध्ये खळी पडलेला फोड. पाटलीणबाईंनी वाकून नीट बघितला, मग आपला सुरकुतलेला दंड उघडा करून माझ्यापुढं धरला. त्या दिवशी दुपारपर्यंत आमची नवी लस संपली. चाची प्रत्येकीला दरडावत होती, "हळद लावशील तर माज्याशी गाठ हाय."

पुढं महिन्यानं त्या गावातही देवी आल्या. चाचीच्या शेजारच्या घरातला एक म्हातारा टोचून न घेण्याच्या हट्टापायी गेला. त्याच्या घरची लेकरं, जी रोज त्याच्या मांडीवर खेळायची, धडधाकट राहिली. चाचीच्या नातीला साधा पुरळही उठला नाही.

त्या साथीनंतर मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं मला जोत्यावर बसवलं, पाटल्या मागं सारल्या आणि न विचारता पंजा हातात घेतला. "आता सोड गं हात," म्हणाली. तोवर ती मला कायम अहोजाहो करत आली होती. हिरव्या बांगड्या मनगटापासून वर चढत गेल्या. मी काम आहे, आड येतील, असलं काही बोलले नाही.

बांगड्या भरून झाल्यावर मी वाकून तिला नमस्कार केला. तिच्या मांडीवर बसलेल्या नातीनं टोचलेला हात उचलला आणि माझ्या डोक्यावर जोरात थाप मारली.