ह्यूज भाकरी

रविकांत सरांनी जेवणाच्या अॅपवर पारूअक्कांच्या भाकरीला इंग्रजीत 'ह्यूज' म्हटलं, आणि पहिल्याच दिवशी चार पोरांनी मिळून एकच भाकरी मागवली. भाकरी आली. पोरांनी तिच्या शेजारी मोबाइल ठेवून फोटो काढला, खाली लिहिलं, 'ही ह्यूज?' आणि एक स्टार देऊन मोकळी झाली.

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत अक्कांची खानावळ. नवरा गेल्यावर देवणीहून त्या काठवट तेवढी बरोबर घेऊन आल्या आणि शिकायला आलेल्या पोरांना भाकरी थापून घालू लागल्या. निम्म्या मराठवाड्याचे डॉक्टर आपल्या भाकरीवर झाले, असं त्या सांगत. उरलेले निम्मे कशावर झाले, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण यंदा समोरच्या क्लासनं स्वतःची मेस काढली आणि पोरं तिकडं वळली. आता घरपोच जेवण पोचवणाऱ्या अॅपवर नाव टिकलं तरच खानावळ टिकणार होती. अॅपला वर्णन इंग्रजीत हवं होतं. सर ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि रोज इथंच जेवत. मग दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं?

तो एक स्टार पाहिल्यापासून सरांना बसवेना की उठवेना. असे आणखी दोन-चार पडले तर अॅपवाले नावच काढणार. त्यांनी 'ह्यूज' खोडून 'लार्ज' केलं. लगेच फोन आला, "मीडियम आहे का? स्मॉल केवढ्याला?" लार्ज म्हटलं की मागं धाकटी भावंडं आलीच, हे सर वर्गात घसा फोडून सांगायचे, इथं विसरले. मग 'ग्रेट' केलं. तर भाकरी निवडणुकीला उभी राहिल्यासारखी वाटायला लागली. 'बिग' त्यातल्या त्यात बरा, पण बालवाडीच्या पुस्तकातला! सर ओट्यावरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून ओट्यावर येरझाऱ्या घालू लागले.

आत अक्काही इरेला पेटल्या होत्या. त्यांनी भाकरीच मोठी थापायला घेतली. एक तव्याबाहेर लोंबली, एक उलटताना मोडली. जी धड उतरली ती पार्सलच्या डब्यात जाईना. दुमडायला गेल्या तर तुकडे.

"सर, तुमच्या शब्दाएवढा तवा कुठं भेटतो का बघा की!"

"थांबा अक्का, शब्दच लहान करतो."

"लई लहान करू नका. लोकांना पुरी वाटंल."

सर मोबाइल घेऊन थेट गॅसजवळ आले. कपाळावर घाम, बोट 'बिग'वर टेकलेलं.

"अक्का, मी रोज जेवतो इथं, तरी मला ठरवता येईना. तुम्हीच सांगा, तुमची भाकरी नेमकी केवढी?"

अक्कांनी काठवटीतून मान वर केली नाही.

"आधी खाऊन तर बघा सर, रोज तर पोळीच मागता."