फायलींचं सुतक

माझ्या धाकट्या दिरांइतका संशयी माणूस देवासमध्ये दुसरा झाला नाही. धारमध्येही नाही, आणि आमचं सगळं गोत धारचं असल्यामुळे हे मी खात्रीने सांगते. मी लग्न होऊन धारला आले तेव्हा ते सहा वर्षांचे होते. हातात लाडू ठेवला की आधी फोडून आत काय आहे ते बघायचे आणि मगच खायचे. पुढे त्यांना देवासच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी लागली. देवानेच लावली असं माझे यजमान म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी बाहेरून आलेला माल हातात घेऊन उलटापालटा केला, मापून बघितला आणि निम्मा परत पाठवला. ही सवय घरीही चालूच. भाजीबाजारात प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघत. भाजीवाली म्हणायची, “भिया, लेना है कि जाँच करनी है?” हे म्हणायचे, “दोनों.” दुधाच्या पातेल्यात बोट, पाहुण्याच्या पिशवीत नजर, दाराच्या कडीला दोनदा हात. माझी जाऊ एकदा मला म्हणाली, “बाई, मला तेवढं कसं पास केलं कोण जाणे.” मी म्हटलं, “तुझी तपासणी राहून गेली असेल, आता बोलू नकोस.”

शिवाय एका जागी बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. जेवताना दोनदा उठायचे, बोलताना येरझारा घालायचे. त्यामुळे निवृत्त झाले तेव्हा जावेला धडकी भरली होती. पण त्याच सुमाराला कारखान्याने दोन जुने काँप्युटर मोडीत काढले आणि हे ते हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. पंधरा दिवस झाले नाहीत तोच एक दिवस पडद्यावरची अक्षरं पिकल्या जांभळांसारखी टपाटपा खाली गळायला लागली आणि तळाशी ढीग साचला. दुसरा माणूस घाबरला असता. भावजी मात्र सायकल काढून सरळ त्याच कॉलनीतल्या आमच्या घरी आले, मला ते बघायला नेलं आणि म्हणाले, “वहिनी, हा व्हायरस. ही कुणीतरी मुद्दाम केलेली खराबी आहे.” इतका आनंद मी त्यांच्या लग्नातसुद्धा त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता. मागून त्यांनी मला नीट समजावलं. नट खराब असला तरी तो काही लपवत नाही, मापाला लावला की कळतो. हा मात्र चांगल्या फायलीच्या पोटात दडून बसतो, मशीनला सांगतो की सगळं ठीक आहे, आणि एका फ्लॉपीवरून दुसऱ्या मशीनवर जातो. एकतीस वर्षं नुसत्या मुक्या लोखंडाशी गाठ पडलेल्या माणसाला शेवटी कुणीतरी बरोबरीचं भेटलं होतं.

मग त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. स्टीलच्या डब्यात तपासणीची फ्लॉपी, डब्याभोवती रुमाल, डबा सायकलच्या हँडलला. आमच्या कॉलनीत तेव्हा नोकरदारांच्या घरी काँप्युटर यायला लागले होते. कुणाच्या घरी नवं खोकं उतरलं की तिसऱ्या दिवशी भावजी दारात. “कसे आहात” नाही, पाणी नाही. पहिला प्रश्न, “याला बाहेरची फ्लॉपी लागली का?” लोक फ्लॉप्या गादीखाली लपवायचे. एका लग्नात पंगतीत माझे यजमान आणि भावजी शेजारी बसले होते. पलीकडचे गृहस्थ सहज म्हणाले की आमचं मशीन हल्ली फार हळू चालतं. भावजी श्रीखंडाची वाटी तशीच टाकून उठले आणि त्या गृहस्थांकडे त्यांच्या घराची किल्ली मागायला लागले. ती त्यांनी दिली, हेच मला नवल वाटतं. पण काम चोख असायचं. कितीतरी मशीनमधले रोग त्यांनी खणून काढले. वहीत रोगाचं नाव, लक्षण, घर असं सगळं लिहून ठेवलं. लोक हसायचे आणि अडलं की यांनाच बोलावायचे.

असं दोन-तीन वर्षं चाललं आणि मग ते घडलं. एका आठवड्यात कॉलनीतली अकरा मशीनं आजारी पडली. कुणाची पत्रं गेली, कुणाच्या मुलीचा परीक्षेसाठी लिहिलेला सगळा मजकूर गेला. भावजी पेटून उठले, सायकल घेऊन उगम शोधायला निघाले. चौकातल्या सायबर कॅफेवाल्यावर त्यांचा संशय होता, म्हणून त्याच्याकडे जाऊन उभे राहिले. तो भला माणूस. म्हणाला, “काकासाब, बुरा मत मानना. सबके यहाँ आपके आने के बाद ही आया है.” फ्लॉपीला एक बारकी खिटी असते. ती लावलेली असली की फ्लॉपीवर कुणाला काही लिहिता येत नाही, रोगालाही नाही. तपासलेल्या घरांची नावं फ्लॉपीवरच लिहून ठेवावी म्हणून यांनी खिटी उघडली होती आणि ती लावायची राहून गेली. तिसऱ्या घरात रोग यांच्या फ्लॉपीवर चढला आणि पुढच्या घरांत यांनी तो आपल्या हाताने पोचवला. भावजी अकराही घरी गेले, सांगितलं, माफी मागितली, ज्यांनी आत घेतलं त्यांची मशीनं दुरुस्त करून दिली. चार घरांनी दार उघडलं नाही. त्यानंतर फेऱ्या बंद. महिनाभर ते दिवसातून तीनदा टेकरी चढायचे आणि उतरायचे. देवीच्या दर्शनाला नव्हे, पाय थांबत नव्हते म्हणून. त्या गोष्टीबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत, आम्हीही काढली नाही.

पण घरातले नियम तेव्हापासून वाढले. आमच्या सासूबाईंचं सोवळं फार कडक होतं. भावजींनी ते त्यांच्या हयातीत कधी मानलं नाही, आता मात्र काँप्युटरला लावलं. एक मशीन बाहेरचं, टेलिफोनच्या तारेला जोडलेलं. एक आतलं, ज्याला बाहेरचं काही शिवायचं नाही. टपाल बाहेरच्या मशीनवर येणार. त्याबरोबर काही फाईल आली तर ती दहा दिवस बाजूला पडून राहणार. कारण रोज नवे रोग निघतात, ते ओळखायची नवी यादी दर दहा दिवसांनी भावजी बसने इंदूरला जाऊन सीडीवर घेऊन यायचे, आणि तिच्यावर घासून बघितल्याशिवाय फाईल उघडायची नाही. यादी तारेवरूनही येते असं त्यांना पुष्कळांनी सांगितलं. ते म्हणायचे, “ज्या रस्त्याने चोर येतात त्याच रस्त्याने पोलीस कशाला मागवू?” मी चेष्टेने म्हटलं की हे तर फायलींचं सुतक झालं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, “बरोबर शब्द आहे वहिनी.” आणि त्या दिवसापासून प्रत्येक फायलीची चिठ्ठी लिहून भिंतीवरच्या खिळ्याला टोचायला लागले. कुठून आली, कधी आली, सुतक कधी फिटणार.

त्यांची एकुलती मुलगी शुभा तेव्हा शिकून घरी बसली होती. वर्षभर ती पुण्यामुंबईच्या कंपन्यांना अर्ज करत होती. पत्ता वडिलांच्या टपालाचा, पासवर्ड वडिलांच्या डोक्यात, तार वडिलांच्या कुलपात. सायबर कॅफेचं नाव काढायची सोय नव्हती. ती रोज सकाळी विचारायची, “बाबा, माझं काही आलं?” आणि भावजी म्हणायचे, “काही आलेलं नाही.” पोरगी दिवसेंदिवस सुकत चालली होती. पुण्याला एका कंपनीत तिची लेखी परीक्षा चांगली झाली होती, म्हणून त्यांच्या उत्तरावर तिचा सगळा जीव होता. तिथूनही नकार आला तर आता शाळेत शिकवायला लागेन, अर्जबिर्ज पुरे, असं ती आईला म्हणाली होती.

एका सोमवारी दुपारी मी त्यांच्याकडे भुट्टे किसत बसले होते. हात दुखले म्हणून थांबले आणि समोरच्या चिठ्ठ्या वाचायला लागले. भावजींचं अक्षर जुन्या वळणाचं, एकाला एक जोडून लिहिलेलं. शुभा हिंदी शाळेत शिकलेली, तिला मराठी छापलेलं जेमतेम वाचता येतं, बापाचं अक्षर तर नाहीच. त्या चिठ्ठ्या तिला भिंतीच्या रंगासारख्या झाल्या होत्या. मला ते अक्षर मोठ्याने वाचल्याशिवाय लागत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचलं, “पुण्याची कंपनी. शुभाच्या नावे. फाईल एक. सुतक फिटणार गुरुवारी.”

शुभा चहा घेऊन येत होती. ती दारात थांबली. “काकू, परत वाचा.”

मी परत वाचलं. तिने कप खाली ठेवला आणि वडिलांकडे वळली. “बाबा, मी आज सकाळी पुछलं तुम्हाला. काल पुछलं. परवा पुछलं.”

“मी खरं तेच सांगितलं,” भावजी म्हणाले. “काही आलेलं नाही.”

“मग हे क्या है?”

“हे दारात उभं आहे. तपासून पास झाल्याशिवाय माल आला असं आमच्याकडे कधी म्हणत नसत. कारखान्यात ट्रक फाटकाच्या आत असला तरी वहीत आला नाही असंच लिहायचं.”

“ट्रक नाही ना बाबा, माझी नोकरी आहे ती.”

जाऊ पदर खोचून पुढे आली. “अहो, उघडा ते. कंपनीचं पत्र आहे, त्यात काय विंचू असणार?”

“ओळखीच्या नावानेच येतात ते,” भावजी म्हणाले. ते खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लागले होते. “बुधवारी नवी यादी. गुरुवारी उघडतो. तीन दिवसांचा प्रश्न आहे.” मग माझ्यापुढे थांबले आणि हळूच म्हणाले, “अकरा घरं, वहिनी.”

तेव्हा मला कळलं की हे सुतक कुणाचं चाललं होतं.

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, “भावजी, तुमच्या कपाळावर ही खूण कशाची आहे, आठवतं? धारच्या घरी गौरी होत्या. सासूबाई सोवळ्यात, सोळा भाज्यांचा नैवेद्य अर्धा झालेला, आणि तुम्ही परसातल्या पायरीवरून पडून डोकं फोडून घेतलंत. मी जवळ होते. पण सासूबाईच पुरणाच्या हाताने धावल्या, तुम्हाला उचललं, सगळं सोवळं रक्ताने भरलं. मी घाबरून म्हटलं, आता नैवेद्याचं कसं? तर म्हणाल्या, परत अंघोळ करीन, परत रांधीन, त्यात काय मोठं. आणि केलं. गौरी तिन्हीसांजेला जेवल्या. सोवळं मोडलं तर काय करायचं हेही त्यांच्या सोवळ्यात होतं. तुमच्यात नाही का?”

भावजी कपाळावरच्या खुणेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “मशीन धुवायचं म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून भरायचं. तीन दिवस लागतात.”

“लागू द्या.”

त्यांनी टेलिफोनची तार उपटून बाजूला ठेवली, आतलं मशीन बंद करून वर चादर टाकली, आणि बाहेरच्या मशीनवर ती फाईल उघडली. मुलाखत बुधवारी सकाळी अकराला होती. पुण्यात.

मंगळवारी संध्याकाळच्या बसने बापलेक इंदूरहून गेले. शुक्रवारी सकाळी भावजी बसमधून उतरून, इंदूरहून यादी घेऊन, घरी फाईल घासून सरळ माझ्या दारात. चेहरा असा की मला वाटलं पेढे आणलेत. “वहिनी, रोग होता.”

“आणि मुलाखत?”

“ती पण चांगली झाली. पण रोग होता. पत्राच्या पोटात होता. त्यांच्या हापिसातल्या मशीनला लागलेला आहे, त्यांना पत्ताच नाही.” त्यांनी कंपनीला लिहिलेलं कार्ड माझ्यापुढे धरलं. आपल्या पत्रातून रोग पसरत आहे, आपण प्रत्येक उमेदवाराला तो पोचवीत आहात, मशीन ताबडतोब तपासावे, खाली सही. अकरा घरांची माफी मागणाऱ्या माणसाने लिहिलेलं कार्ड होतं ते, सभ्य होतं, तरी ते त्या वेळी जायला नको होतं. मी म्हटलं, “द्या, मी पेटीत टाकते.” आणि आत जाऊन साखरेच्या डब्याखाली ठेवलं. दहा दिवस झाले, अकरा झाले. बाराव्या दिवशी शुभाला रुजू व्हायचं पत्र आलं, तेव्हा जाऊन टाकलं. आज टाकलं असं कळल्यावर उशीर कसा झाला म्हणून भावजींनी विचारलं तर मी सांगितलं, “सुतक होतं.” ते पहिल्यांदाच स्वतःवर हसले. कंपनीचं एका ओळीचं आभाराचं पत्र आलं. तेही त्यांनी उन्हाकडे धरून बघितलं.

शुभा गेली. घर एकदम ओकंबोकं झालं, जाऊ देवळात रमली, भावजींच्या येरझारा वाढल्या. पुढे मशीनं आपली आपणच तपासायला लागली, फ्लॉप्या गेल्या, कॉलनीत यांना कुणी विचारेना. दोन्ही मशीनं आणि खिळा मात्र तसेच होते. कुणाचंही टपाल आलं की चिठ्ठी, दहा दिवस, यादी. शुभाच्या फायलींना तेवढी चिठ्ठी नसायची. तिचा फोटो आला, तिच्या घराचा, पुढे तिच्या मुलीचा, की भावजी उभ्याउभ्या उघडायचे. मग मशीन पुसून पहिल्यापासून भरायला घ्यायचे. महिन्यातून दोनदा तरी तीन-तीन दिवस ही धुणी. जाऊ वैतागून गेली. शेवटी मीच एकदा विचारलं, “भावजी, एवढा जिवाचा आटापिटा कशाला? आधी तपासा, मग उघडा, जसं सगळ्यांचं करता तसं.”

ते पडद्यावरच्या नातीकडे बघत होते. म्हणाले, “तपासेपर्यंत ती आली असं म्हणता येत नाही ना, वहिनी.”

त्यांनी फोटो आणखी थोडा वेळ बघितला, मग तार काढून ठेवली आणि मशीन धुवायला घेतलं. पुढचे तीन दिवस ते जागेवरून हलणार नव्हते.