मारवा सकाळी लागला

“मेंढरांना राग कळतात का हो, बाबा?” साहेब म्हणाला आणि हसला. मग टायपिंगवाला हसला. चहा घेऊन आलेला शिपाई आमच्याच भावकीतला. तोही हसला. त्याचं हसणं जास्त लागलं.

मी उभा होतो. पायताण जिन्याखाली काढून आलो होतो. समोर खुर्ची रिकामी, पण बसा म्हणून कुणी म्हणालं न्हाय.

भूमच्या अलीकडं एका संस्थेच्या शाळेच्या माडीवर रेडिओचं छोटं केंद्र हाय. शास्त्रीय गाणं लावायचं म्हणूनच काढलेलं. सुरुवातीला हारतुरे झाले, गवई यायचे. एक बाई माईकवर बसायच्या. राग कोणता, त्याची वेळ कोणती, सगळं सांगायच्या. माझी शाळा दुसरीपर्यंत. राग मी त्या बाईंच्या तोंडून शिकलो, मेंढरांमागं, रेडिओ गळ्यात अडकवून. सकाळी तोडी लागली की मेंढरांच्या वाडग्याचं दार काढायचं. दिवस मावळताना मारवा लागला की मेंढरं माघारी वळवायची. वर्षानुवर्षं हेच.

मग गवई यायचे थांबले. मग बाईंना काढलं. राहिलं एक यंत्र, आपलं आपण गाणी लावणारं.

एका सकाळी मारवा लागला. मेंढरं माळावर नुकती पांगली होती. म्हातारी मेंढी थांबली, तिनं तोंड फिरवलं, आणि सगळा कळप उपाशीपोटी वाडग्याकडं चालू लागला. ऊन वर चढत होतं आणि जनावरं दिवस बुडाल्यागत माना खाली घालून निघाली होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

म्हणून केंद्रावर गेलो. हे असं असं झालं म्हणून म्या साहेबाला सांगितलं. त्यावर त्यानं ते मेंढरांना राग कळण्याचं विचारलं.

“कळतात,” मी म्हणालो. “तुमच्या यंत्राला कळत न्हाईत.”

साहेबानं खणातून कागद काढला, शाईचं पॅड पुढं सरकवलं.

“तक्रार लिहून घेतो. अंगठा द्या.”

लिहून घेतो म्हणाला, पण कागद आधीच लिहिलेला. खाली निळ्या अंगठ्यांच्या ओळी. काचेपलीकडच्या खोलीत माईकवर फडकं टाकलेलं. माणूस न्हाय. लाल दिवा तेवढा जळत होता.

मी कागद उचलला.

“अहो, वाचून काय करणार? तक्रारच आहे.”

“मला वाचता येतं. हळू येतं.”

बोट ठेवून वाचलं. एकेक अक्षर. त्यांचा चहा निवला. लिहिलं होतं, आम्हा श्रोत्यांना शास्त्रीय संगीत नको, ते बंद करावे. खाली नावं. तिसरं नाव माझ्या चुलतभावाचं. तो जन्माचा ठार बहिरा.

मी शिपायाकडं बघितलं. “काय रं, आपल्या दादानं कधी ऐकलं गाणं?”

त्याची मान खाली. “बाजारात घेतले अंगठे, तात्या. निराधारचा फॉर्म हाय म्हणून सांगितलं.”

साहेब उठला. “एका मेंढक्यासाठी स्टेशन चालवायचं का? तुम्ही अंगठा द्या नाहीतर देऊ नका. बंद होणारच आहे.”

होईलही. मला दिसतंय ते.

पण आयुष्यभर कागद पुढं आला की मी बोट पुढं केलं. वाचायला मागितलं तर साहेबाला राग येईल म्हणून. वाचताना अडखळलो तर हसतील म्हणून. ती शरम माझी नव्हतीच. त्यांची होती. वाहिली मात्र म्या. हे कळायला केस पिकले.

कागद म्या माघारी दिला न्हाय. घडी घालून पैरणीच्या आत घातला आणि जिना उतरलो.

आता बाजाराच्या दिवशी पारावर उभा राहतो आणि तो कागद मोठ्यानं वाचतो. अडखळत वाचतो. लोक हसतात, हसू द्या. ज्याचा अंगठा त्यात हाय त्याला त्याचं नाव ऐकवतो. भावाला ऐकू येत न्हाय. त्याचं बोट धरून त्याच्या नावावर ठेवलं. त्यानं आपला अंगठा त्या निळ्या ठशाला लावून बघितला.

साहेबाचा निरोप आलाय, कागद आणून द्या, न्हायतर बरं होणार न्हाय. न्हाय होऊ दे. केंद्र बंद करायचं तर त्यांनी स्वतःच्या सहीनं करावं. आमच्या अंगठ्यानं मी होऊ देणार न्हाय.