मामींना सापडलेला बिघाड

बंद पडलेलं यंत्र आणि माझे मामेसासरे एका गावात असले, तर त्यांची भेट झाल्याशिवाय राहत नाही. भुसावळच्या इंजिन शेडमध्ये जन्म गेला, पण निवृत्तीनंतरही त्यांचे हात शिवशिवत. लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी जनरेटर बघून येत. बोदवडच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांनी तो बंद केला, नळी फुंकली, पुन्हा चालू केला. अंधारात अक्षता भलत्याच जोडप्यावर पडल्या. मामा शांतपणे म्हणाले, "आता आवाज ऐका, कसा गोड शे."

अशा माणसाला बंद पडलेल्या एका रिसॉर्टातून तलावात होडीसारखी पळणारी जुनी वॉटर स्कूटर मिळाली. ती पाच मिनिटं पळे आणि खोकून बसे. पेट्रोल टाकीत भरपूर, इंजिनापर्यंत मात्र पोचत नव्हतं. महिनाभर मामांनी अंगणात तिचं पोट उघडं ठेवलं. आतून चिकट झालेल्या नळ्या बदलल्या, जाळी धुतली, कार्बोरेटर मामींच्या दात घासायच्या ब्रशने घासला. मामींनी कडुनिंबाची काडी धरली. मग एका सकाळी मामा म्हणाले, "बठ्ठं ठीक शे, काहीच बाकी नाही. चल, बस मागे."

तापीच्या धरणाच्या पाण्यावर, लुगड्यावर लाइफ जॅकेट चढवून मामी बसल्या. मी आणि बायको काठावर. स्कूटर सुसाट निघाली, मामी हसत ओरडत होत्या, आणि बरोबर मधोमध ती खोकून थांबली. वारा त्यांना हळूहळू सांडव्याकडे नेऊ लागला. बायकोने माझा दंड घट्ट धरला.

पाण्यावरून मामींचा आवाज स्वच्छ आला. "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? हिला हवा जायला दुसरं भोक शे का नाही?"

मामांनी टाकीचं झाकण उघडलं. फुस्स झालं. स्कूटर सुरू झाली. दर पाच मिनिटांनी झाकण उघडत, फुस्स करत, दोघं काठाला लागले. मग पाहिलं, तर टाकीत हवा जायच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.

मी मामांचं कौतुक करू लागलो, तर त्यांनी हात हलवला. "हिला सापडलं. पस्तीस वर्षं शेडमधले बिघाड घरी येऊन सांगायचो. हिला काय वाटतं, ते इचारलं नाही कधी."

मामी पदर पिळत होत्या. "इचारलं असतं तर सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, आणि पदर पिळून झाल्यावरही कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिल्या.