मागीलदारच्या आंब्याची खाट

घराला कुलूप लावायच्या आधी आई म्हणाली, मागीलदारी जाऊन येते. रिक्षावाला पाणंदीच्या तोंडाशी हॉर्न वाजवत होता, मुंबईच्या बसला तासभरच उरला होता, आणि आई वॉकर टेकत, एकेक पाऊल सांभाळत घराला वळसा घालून निघाली. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठ महिने ती मावशीकडे होती. त्या दिवशी स्वतःच्या घरी आली ती अर्ध्या दिवसापुरती, घर बंद करण्यासाठी.

मी तिच्या मागून गेले. विहिरीच्या अलीकडे जिथे मोठा रायवळ आंबा होता, तिथे आता गुडघाभर बुंधा राहिला होता. आई त्याच्यासमोर थांबली.

"मागलो आंबो कोणी तोडलो?"

मला हसू आवरेना. इतके महिने पोटात ठेवलेली गंमत होती ती. म्हटलं, "मुंबईक चल, मगे सांगतंय."

"बरां," ती म्हणाली. एवढंच. मग वॉकर वळवून सरळ रिक्षाकडे चालू लागली. उंबऱ्याला हात लावील, डोळ्याला पदर लावील, असं काय काय मला वाटलं होतं. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. घर सुटतंय म्हणून गप्प आहे, असं मी धरून चालले आणि बसमध्ये तिला खिडकी दिली.

हे मी लिहितेय ते गावी राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या, गावातून उठून मुंबईत बस्तान बसवलेल्यांसाठीही. त्यातही भाऊदादा, माझ्या चुलतभावा, मुख्यतः तुझ्यासाठी. कारण तू मला विचारलं होतंस, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले होते.

वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा आईनं निघताना सांगितलं होतं, दिलेल्या घरची हो. स्वतःसाठी तिचा नियम याहून कडक होता. "लेकीच्या घराक दोन दिस जावचा, तिसऱ्या दिवशी पिशी उचलायची." वीस वर्षांत चार वेळा आली असेल, आणि चारही वेळा तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून दाराशी उभी. अरुण, माझा नवरा, मुंबईतच जन्मला आणि वाढला. त्याला हे कधी कळलंच नाही. "आई, तुम्ही राहा ना यार," असं तो चक्क सासूला म्हणायचा, आणि ती पदराआड हसायची, पण राहायची नाही.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ती विहिरीवर घसरून पडली. आता एकटीनं ठेवता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. भाऊ मला नाही. म्हणजे ती येणार ती माझ्याकडे, आणि येणार ती कायमची. प्रश्न जागेचा होता. दोन खोल्यांत जागा आम्ही काढलीही असती. पण जावयाच्या गादीवर, जावयाच्या पलंगावर ती किती दिवस बसली असती? मावशीकडूनच फोनवर म्हणाली होती, तुमच्या घरात माझं असं काय गो?  त्यावर मला सुचलं, ते हे खाटेचं.

पलंग विकत घेण्यासारखी परिस्थिती नव्हती, हे खरं. घराचे हप्ते चालू, अरुणचं इलेक्ट्रिकचं काम कधी असतं कधी नसतं, मी घरी ब्लाउज शिवते. पण परिस्थिती असती तरी मी तेच केलं असतं. आईला तिच्याच दारच्या लाकडाची खाट करायची, स्वतःच्या हातानं. म्हणजे तिला म्हणता येईल, बस, ही तुझी, यात जावयाचं काही नाही. मागीलदारचा आंबा कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. फळ आंबट, नुसत्या शिरा. तो इतकी वर्षं का राखला होता, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो दुसराच प्रश्न, किती फूट फळी निघेल.

दिवाळीनंतर मी भाऊदादाला फोन केला. आंबा पाड, वखारीत नेऊन फळ्या करून घे, आमच्या गोठ्यात हवेशीर रचून ठेव. तो जरा थांबला. मग म्हणाला, "काकीक इचारलंस मां?"

"होय, इचारलंय," मी म्हटलं. आनंदाचा धक्का द्यायचा होता ना मला!

फाल्गुनात हापूसच्या पेट्या घेऊन वाशीच्या बाजाराला येणाऱ्या टेम्पोत, पेट्यांच्या खाली आमच्या फळ्या आल्या. पेट्या बाजारात उतरवून तो भला माणूस ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला आला. आम्ही दोघांनी फळ्या तिसऱ्या मजल्यावर चढवल्या, तिथून गच्चीत. तळमजल्यावर एक म्हातारे मेस्त्रीकाका राहतात. डोळ्यांनी साथ सोडली म्हणून काम बंद, पण हत्यारं अजून तेल लावून ठेवलेली. करवत, रंधा, पटाशी त्यांनी दिली आणि गच्चीत खुर्ची टाकून स्वतःही बसले. फळी बोटानं चाचपून म्हणाले, आंब्याला भुंगा लागतो, औषध मारल्याशिवाय हात लावू नका. तेही केलं.

बाकी मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. मला वाटलं होतं, माप घेणं आणि कापणं हेच तर आयुष्यभर केलं. तसं काही नसतं. ब्लाउजला आत माया ठेवलेली असते, चुकलं तर उसवायचं, पुन्हा शिवायचं. लाकूड एकदा आखूड कापलं की आखूड. पहिली फळी वाया गेली, दुसरी कशीबशी वाचली. हाताला फोड आले, त्यामुळे गिऱ्हाइकांचे ब्लाउज लांबले. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा आवाजाची तक्रार घेऊन वर आले. दुसऱ्या वेळी बराच वेळ बघत उभे राहिले आणि रंधा मारून बघू का म्हणाले. होळीला बिल्डिंगमधली माणसं लाकडं मागत आली, तेव्हा उरलेले तुकडे मी दोन गोणी भरून हौसेनं दिले. एक गोणी शिल्लक राहिली ती जिन्याखाली टाकली.

सांधे माझ्या हातून नीट बसेनात. मेस्त्रीकाका म्हणाले होते, खाच खोल करा, घाई नको. पण वैशाखात आईला आणायचं ठरलेलं. मी प्रत्येक सांध्यात भरपूर गोंद ओतला, वर स्क्रू मारले, आणि पॉलिश केल्यावर ते कुणाला दिसलंही नाही. खाट झकास झाली होती. खिडकीखाली ठेवली, वर नवी चादर घातली, आणि मी गावाला गेले.

आई घरात आली, खाटेकडे पाहिलं. मी चादर उचलून दाखवली. "ओळख!" तिनं कडेच्या फळीवरून हात फिरवला, लाकडातल्या त्या काळपट रेषेवर बोट थांबवलं.

"मागलो आंबो," ती म्हणाली आणि अरुणच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली.

त्या दिवशी तिनं खाटेच्या शेजारी चटई मागितली. जमिनीवर बसायचं नाही, झोपायचं नाही, डॉक्टरांनी बजावलेलं. मी समजावलं, अरुणनं समजावलं. ती आम्हा दोघांचा आधार घेऊन खाली उतरायची आणि उठताना कळ दाबायची. ओठ मिटलेले असायचे, पण चेहऱ्यावर दिसायचं. चार दिवस असं चाललं. जावयाच्या पलंगावर बसली नसती तर समजलं असतं, ही तर तिची होती. पाचव्या दिवशी अरुण म्हणाला, "जाऊ दे ना, साधा लोखंडी पलंग आणू हप्त्यानं." आणि माझा तोल गेला. महिनाभर हात सोलून घेतले ते कुणासाठी, तुला माझं काही गोड लागत नाही, असं आईला वाट्टेल ते बोलले. आजारी माणसाला असं बोलू नये, हे बोलतानाही कळत होतं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "घराक कुलूप लावलंस, मी काय बोलाक नाय. पण माझी जावची वाट कित्याक तोडलंस?"

आणि मला कुऱ्हाडीचा आवाज ऐकू आला.

बाबा गेले त्या सकाळचा. मला मुंबईत फोन आला होता तो फक्त 'सीरियस आहेत' असा. एसटीतून उतरून पाणंदीनं धावत येत होते, तेव्हा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूनं कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले आणि मी जागच्या जागी खाली बसले. वाडीतले बाप्ये व्हाळाकाठचा आंबा तोडत होते. घरी पोचायच्या आधी, कुणी एक शब्द सांगायच्या आधी मला कळलं होतं. आमच्याकडे माणसासाठी आंबा राखतात. आजोबांसाठी खळ्यासमोरचा होता, बाबांसाठी व्हाळाकाठचा. माणूस गेल्यावर घरच्यांना सरणाच्या लाकडासाठी कुणाच्या दारात जायला लागू नये, म्हणून जिवंतपणीच झाड ठरलेलं असतं. मागीलदारचा आईचा होता. तिनं तो कुणाला विकला नाही, त्याची फांदी छाटू दिली नाही. आणि हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं. मी काही परक्या मुलखातली नव्हते.

भाऊदादा, तुला हे ठाऊक होतं. म्हणूनच तू थांबला होतास. मी 'होय' म्हटलं, आणि तुला वाटलं असेल, काकीनं मन मोठं केलं. शहरात माणूस बिघडतो असं गावाकडे म्हणतात. मी बिघडले नव्हते गं बाई, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण झाडाकडे बघून फळ्या दिसायला लागल्या होत्या, हे खरंच आहे. तिच्या नावावर या जगात शेवटची जी एक वस्तू होती, ती मी तिलाच भेट म्हणून दिली होती.

मी तिच्या पायाशी बसून रडले. खाट मोडून टाकते म्हटलं.

"मोडू नको," ती म्हणाली. "उरलेला लाकूड खंय असा?"

होळीत दिलं, मी सांगितलं.  ती म्हणाली, होळीत गेलं ते देवाला गेलं. जिन्याखालची गोणी मी वर आणली. तिनं एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला, पुन्हा गोणीत भरला आणि जुन्या लुगड्याच्या काठानं गोणीचं तोंड बांधलं. मग वॉकर घेऊन खाटेशी गेली, सांध्यांवर बोट दाबून विचारलं, आत काय काय आहे. मी सांगितलं, गोंद आणि स्क्रू.

"लोखंड आणि गोंद माझ्यावांगडा कित्याक? सुटी होयत अशी कर."

तिला काय म्हणायचंय ते माझ्या आधी मेस्त्रीकाकांना कळलं: एक दिवस तिच्यासोबत खाटेचं नुसतं लाकूडच जायचं होतं. गोंदानं धरलेले सांधे सुटत नाहीत, ते कापूनच काढावे लागले. खाट पुन्हा गच्चीत गेली. या वेळी मी घाई केली नाही. खाचा खोल केल्या, आणि जिथे स्क्रू होते तिथे आंब्याच्याच खुंट्या बसवल्या, गोणीतल्या तुकड्यांतून आईनं निवडून दिलेल्या लाकडाच्या. मधल्या फळ्या नुसत्या ठेवलेल्या, कशानं जखडलेल्या नाहीत. आठ खुंट्या ठोकून बाहेर काढल्या की अख्खी खाट सुटी होते. कापाकापीत ती वीतभर आखूड झाली. आई तशीही पाय मुडपूनच झोपते.

खाट खाली आली तेव्हा आईनं आधी मला एक खुंटी काढून दाखवायला लावली. मी लाकडी हातोड्यानं ठोकून काढली, पुन्हा बसवली. "येता मां तुका," असं म्हणून ती खाटेवर बसली, हळूच आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. भरदुपारी दोन तास गाढ झोपली. गोणी खाटेखाली आहे. पिशवी उचलायची गोष्ट तिनं त्यानंतर काढलेली नाही.

माझं गाव कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजून कोकणातलंच नाव सांगते. घराला तिथे कुलूप आहे, चावी भाऊदादाकडे आहे. पण घर म्हटलं की हल्ली मला ती खिडकीखालची खाट दिसते, तिच्यावर तांदूळ निवडत बसलेली आई दिसते. ज्यावर तिला एक दिवस जायचंय, त्यावर बसून ती अरुणला 'चाय घेशील काय' म्हणून विचारते. तो आता तिला नुसतं 'ए आई' म्हणतो.

हवा बदलली की आंब्याचं लाकूड कुरकुरतं. थंडीत ते आकसतं आणि खुंट्या सैल होतात. मग आई कूस बदलताना हाक मारते, "खुंटी सैल झाली गो." मी शिलाई बाजूला ठेवून उठते, खाटेखालचा हातोडा घेते. ती तशीच आडवी असते, आणि मी तिच्या उशापायथ्याच्या आठही खुंट्या एकेक करून ठोकते.

त्या काढायच्या कशा, हे तिनं माझ्याकडून आधीच करवून घेतलंय. मी त्या फक्त घट्ट करते.