आंगावर पडला का आंगाला लागला?

उन्हातून कुणीही घरी आलं की नामाकाका विचारायचे, "आंगावर पडला का आंगाला लागला?" नवखा माणूस गोंधळायचा. मग थकल्या आवाजात तेच उलगडून सांगायचे, "ऊन आंगावर पडतं. धूळ आंगाला लागते. धूळ धुवावी लागते. पण ऊन खाऊन आलेला माणूस दुसऱ्याला भाजत नाय. किरणांचा बी तसाच हाय." एवढं एकच सांगण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

किरणोत्सर्गापासून, त्यांच्या भाषेत किरणांपासून, कामगारांना जपण्याची नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि कामोठे गावात राहत होते. पनवेलच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात वर्षातून एकदा, कुणी न बोलावता, आम्हा नर्सना शिकवायला यायचे. किरणं सोडणारा हरवलेला तुकडा, फुटलेला डबा, बिघडलेलं मशीन, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. "किरणं पडल्यावर उलटी किती वेळानं झाली ते इचारा. जेवढी लवकर, तेवढा वाईट. भाजल्याची खूण मागाहून येते." लागोपाठ दोन ड्युट्या झालेल्या आम्ही पेंगायचो. मी तर एकदा चक्क घोरले. त्यांनी उठवलं नाही. पुढच्या वर्षी आले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि मग गणपत आला. चाळिशीचा वेल्डर, मांडीवर लालभडक चट्टा, त्यावर गेरूचा लेप. घरच्यांनी नागीण समजून दोन आठवडे गेरू लावला होता. नागिणीसारखे फोड ओळीत नव्हते, तर खिशाच्या आकाराचा एकच डाग होता. मी विचारलं, "आधी उलट्या झाल्या होत्या का?"

"झाल्या ना. साइटवर चकचकीत तुकडा गावला, तो खिशात ठेवला. जेवायच्या आधीच उलट्या. सांजच्याला साहेबांनी चिमट्यानं उचलून नेला, बोलले कुणाला सांगू नको."

पाइपच्या वेल्डिंगचे किरणांनी फोटो काढायच्या यंत्रातला तुकडा होता तो. डॉक्टरांनी मुंबईला फोन लावला, मी नामाकाकांना. पण 'किरणं' हा शब्द वॉर्डात फुटला आणि गणपतभोवतीच्या खाटा रिकाम्या झाल्या. चहाचा कप दाराशीच ठेवला गेला. त्याची बायको बाहेर बाकावर बसून रडत होती, तिला कुणीतरी आत जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. मला लाज वाटते, पण मीसुद्धा दारातच उभी होते.

नामाकाका आले. त्यांनी आपलं किरणं मोजायचं यंत्र गणपतच्या अंगावरून फिरवलं, ते गप्प राहिलं. मग दारातला कप उचलून खाटेवर त्याला लागून बसले, अर्धा चहा स्वतः प्यायले आणि अर्धा त्याच्या हातात दिला. "याच्या आंगावर पडला हाय. याला लागला नाय. किती येला सांगू, बाय?" ते रागावले नव्हते, नुसते दमले होते, आणि ते मला जास्त लागलं. मी बायकोला आत आणलं. तिने नवऱ्याचा हात धरला तो मुंबईला न्यायची गाडी येईपर्यंत सोडला नाही. गणपत वाचला, पण पाय अधू झाला.

काही वर्षांनी नामाकाका रक्ताच्या कॅन्सरने गेले. नोकरीमुळे की वयामुळे, हे कुणालाच सांगता आलं नसतं. अंगणात पाणी तापलं होतं, पण अंघोळ घालायला कुणी पुढे होईना. "किरणांतला माणूस. हात लावायचा का?" शेजारच्याने मलाच हळूच विचारलं. त्यांच्याच गावात, त्यांच्याच दारात.

गणपत लंगडत पुढे आला. त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, तांब्या भरला आणि काकांच्या छातीवरून उघड्या हाताने पाणी फिरवत म्हणाला, "पडला आसंल. लागला नाय."