आक्का, भिवंडी आणि बारा माग

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी अस्मादिकांनी भिवंडीचा प्रवास केला. ठाण्याहून एसटीने पाऊण तास. वीस वर्षं ठाण्यात राहूनही मी तिकडे फिरकलो नव्हतो. ‘भिवंडी? नको रे बाबा’ एवढंच माझं त्या गावाबद्दलचं ज्ञान.

बरोबर आक्का होती, माझी थोरली बहीण. शेजारच्या प्रवाशाच्या डब्यात कोणती भाजी आहे हे कळल्याशिवाय हिचा प्रवास सुरूच होत नसे. मग तिचे कान गेले. कानाचं यंत्र डबीत राहिलं आणि तिने माणसांना विचारणंच सोडलं. उत्तर ऐकू आलं नाही तर बिंग फुटेल, ही धास्ती. कुणी काही बोललं की हसून मान डोलवायची. ते मला बघवत नसे. म्हणून तिला घेऊन निघालो.

वाटेत काल्हेर गेलं. एक भातखाचर, एक गोदाम, पुन्हा खाचर, मग गोदामंच गोदामं. आत काय ठेवतात, हे पूर्वी आक्काने कंडक्टरला विचारलं असतं. आता ती नुसती खिडकीबाहेर बघत होती.

भिवंडीत सलीमभाईंचा कारखाना. माझ्या मित्राची ओळख. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्यांनी आम्हाला थेट आत नेलं. बारा यंत्रमाग एकदम चालू, आणि आवाज असा की माझे विचारसुद्धा मला ऐकू येईनात. एका मागावर किती कापड निघतं, हे मी सलीमभाईंना ओरडून विचारलं, मग पंजा नाचवून विचारलं. थोड्या वेळाने पाच चहा आले.

तिथली माणसं मात्र निवांत गप्पा मारत होती. ओठांनी, भुवयांनी, बोटांनी. या टोकाचा कारागीर त्या टोकाच्याची थट्टा करत होता आणि मधले दोघे हसत होते.

मी वळून पाहिलं तर आक्का जागेवर नव्हती. कोपऱ्यात एक तेलुगू बाई कांड्या (धोट्यात बसणाऱ्या दोऱ्याच्या नळ्या) भरत होती, तिच्यासमोर आक्काने बसकण मारली होती. आक्काने हात तोंडाशी नेऊन भुवया उडवल्या. बाईने तळवा माशासारखा वळवळवला आणि आंबट तोंड केलं. चिंच की कैरी, हे आक्काला कळल्याशिवाय चालणार नव्हतं. मग मुलांची उंची हाताने मोजून झाली, थोरलीचं लग्न ठरल्याचं झालं. अर्धा तास मी खांबाला टेकून उभा होतो. माझ्याशी कुणीच बोललं नाही.

बाहेर आल्यावर सलीमभाई माझ्याकडे बघत सवयीने नुसते ओठ हलवत राहिले. मी हसून मान डोलवली.

“अरे, तू जेवणार का विचारतायत ते,” आक्का म्हणाली.

जेवणात तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण होतं. ते कसं केलं, हे आक्काने सलीमभाईंच्या बायकोला तीनदा विचारलं.

परतीच्या एसटीत मी विचार करत होतो. माझे कान तर धडधाकट होते, ठाण्यातल्या वीस वर्षांत त्यांचा मी काय उपयोग केला? अंजूरफाट्याला एक म्हातारी टोपली घेऊन आक्काशेजारी बसली. आक्काने लगेच टोपलीवरचं फडकं उचललं. म्हातारी काहीतरी पुटपुटली. आता ही मान डोलवणार.

“मला ऐकू येत नाही,” आक्का म्हणाली. “माझ्याकडे बघून बोला.”

म्हातारीने तोंड तिच्याकडे वळवलं. “भेंडी हाय, बाय. घरची.” मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, “आन ह्यो का असा गप?”

आक्काने माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि सगळ्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “धाकटा भाऊ माझा. ऐकायला त्याला कान लागतात, बिचाऱ्याला!”